मिस पर्डीचं बाकडं आणि बकरा

"एक बकरा ठेवला की मिस पर्डीच्या केसालाही धक्का लागणार नाही! लिहून घ्या माझ्याकडून!"

आर्डिस टोलेफसन हे इतक्या खात्रीने बोलली, की समोर बसलेल्या तिसांपैकी दोघांनी खरोखरच लिहून घेतलं.

अमेरिकेतल्या मॅडिसनला तळ्याकाठी लोण्याचा एक जुना कारखाना आहे. लोणी निघणं केव्हाच थांबलं. पुढे तिथे एकतीस माणसं बसून व्हिडिओ गेम बनवत, आणि चोपन्न वर्षांची आर्डिस त्यांची मुख्य. एकोणीस वर्षं ती एकच बाई घडवत आली होती. मिस पर्डी! सत्तरी उलटलेली, डाव्या पायाने किंचित लंगडणारी, बर्फातल्या एका खेड्यात घरोघर टपाल वाटणारी. त्या गेममध्ये गोळीबार नाही, राक्षस नाही, कुणाची मुंडकी उडत नाहीत. पत्रं वाटायची, दारात चार शब्द बोलायचे आणि दमलं की टेकडीवरच्या बाकड्यावर बसायचं. एक बटण दाबलं की मिस पर्डी बसे. पुन्हा दाबलं की उठे. मधल्या वेळात काहीही होत नसे. बर्फ पडे, बस्स!

आणि लोकांना नेमकं तेच आवडे. दिवसभर उभ्या राहिलेल्या नर्सा, ट्रक चालवणारे, बायको गेल्यावर एकटे पडलेले म्हातारे लिहून कळवत, "आज तुमच्या बाकड्यावर वीस मिनिटं बसलो. बरं वाटलं." आर्डिसची आई खरोखरच खेड्यात टपाल वाटायची आणि असल्याच एका बाकड्यावर बसून दुपारच्या सँडविचचं पुडकं उघडायची. हे आर्डिस कुणाला सांगत नसे. पण बाकड्याची एक फळी जरा जरी वाकडी रंगवली गेली, तरी ती तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यायची.

तीन भाग निघाले. चौथा निघण्याआधी कॅलिफोर्नियातल्या एका बलाढ्य प्रकाशक कंपनीने स्टुडिओच विकत घेतला. सगळे त्या कंपनीला नुसतं 'वरचे' म्हणत. म्हणजे मिस पर्डी आता वरच्यांची. बाकडं वरच्यांचं. पडणारा बर्फसुद्धा वरच्यांचा!

त्यांचा उपाध्यक्ष ब्रँटली हॅवर्ड मंगळवारी गेम बघायला येणार होता. त्याच्या पत्रात शेवटी एक ओळ होती: 'आपण सगळे एक परिवार आहोत, म्हणूनच त्या बाकड्याबद्दल मोकळेपणी बोलू.'

त्या ओळीने आर्डिसचं जेवण गेलं. आणि त्या ओळीवर तिने काढलेला उपाय म्हणजे बकरा.

या धंद्यातली ती जुनी युक्ती आहे. वरून आलेल्या माणसाला काहीतरी कापल्याशिवाय आपण येऊन गेलो असं वाटतच नाही. मग त्याच्यासमोर आपणच एक टाकाऊ गोष्ट ठेवायची. इतकी टाकाऊ, की त्याची नजर दुसरीकडे जायलाच नको. तो ती कापतो, समाधानाने हात झटकतो आणि विमानाने परत जातो. देवाला नैवेद्य दाखवावा तसंच, फक्त देव निदान ताट तरी परत करतो.

"आणि त्याला बकरा आवडला तर?" चेंग व्हांगने विचारलं. चेंग पंधरा वर्षं मिस पर्डीची चाल सांभाळत होता. ती लंगडायची ते त्याच्या हिशेबानं.

"आवडेल? अरे, तो पत्रं खातो! गॉगल घालतो! पत्रांच्या गेममध्ये पत्रं खाणारा बकरा कुणाला आवडेल?"

"माझ्या सासूला माझा साडू आवडतो," चेंग म्हणाला. "मी पैजा लावणं सोडलंय."

"मी सांगते ना! वाघाच्या तोंडात बकरा गेला, की बाई सुटली."

बकरा तयार झाला. पिवळे दात, काळा गॉगल, अंगावर दुसऱ्याच्या अंगणातून चोरलेला वाटावा असा टॉवेल. राहिला आवाज. खरा कलाकार मिळेपर्यंत आपल्यातल्याच कुणीतरी कामचलाऊ आवाज द्यायचा, ही तिथली पद्धत. आर्डिस म्हणाली, मीच देते.

आता इथे एक सांगायला हवं. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आर्डिस काही ना काही सोडायची. चर्चमधल्या बाया चॉकलेट सोडतात, कुणी वाइन सोडतं. आर्डिसने यंदा शिवी सोडली होती. गेम बनवणाऱ्या माणसाने शिवी सोडणं म्हणजे कोळ्याने पाणी सोडण्यासारखंच! पण तिने नेम धरला तो धरला.

"तू चॉकलेटच सोडलं असतंस तर आम्ही सगळे सुखी झालो असतो," तिचा नवरा ऑरिन म्हणायचा. तीस वर्षं दुधाचा टँकर चालवून तो निवृत्त झाला होता आणि आता त्याचा पूर्ण वेळ आर्डिसला सल्ले देण्यात जात असे.

रविवारी प्रार्थनेहून आल्यावर ती घरच्या गॅरेजमध्ये गाडीत जाऊन बसली. काचा वर, हातात स्वतःचा जुना रेकॉर्डर, शेजारी ऑरिन.

"बें," आर्डिस म्हणाली.

"हा बकरा नाही, पाद्री वाटतोय."

"बेंऽ."

"आता पाद्र्याला सर्दी झाली."

"मग तूच काढ ना आवाज!"

"मी कशाला? तुला राग आणायला पाहिजे." ऑरिनने तिचा फोन उचलला, चष्मा नाकावर चढवला आणि धर्मग्रंथ वाचावा तशा सुरात वाचलं, "आपण सगळे एक परिवार आहोत, म्हणूनच त्या बाकड्याबद्दल..."

आर्डिसच्या पोटातून एक शिवी निघाली. छातीत आली, गळ्यात आली, ओठांवर आली, आणि नेमका तिथे नेम आठवला! तोंड उघडलेलं, शिवी परत फिरलेली, आणि तिच्या जागी जे बाहेर पडलं ते असं:

"बेंऽऽऽऽऽऽ!"

गाडीच्या काचा थरथरल्या. शेजारच्या कुत्र्याने दोन दिवस अंगणात पाऊल टाकलं नाही.

"हं," ऑरिन हळूच म्हणाला. "हा बकरा."

मंगळवारी ब्रँटली आला. बाहेर घोटाभर चिखलबर्फ आणि याचे बूट पांढरेशुभ्र! त्याने सगळ्यांना मिठ्या मारल्या, कुणाचंच नाव बरोबर घेतलं नाही आणि समोर ठेवलेल्या ताज्या चीजचा एक तुकडा तोंडात टाकून दचकला. "हे दाताखाली किंचाळतंय!"

"ताजं असलं की किंचाळतं," आर्डिस नम्रपणे म्हणाली.

गेम सुरू झाला. मिस पर्डीने एका म्हाताऱ्याला त्याच्या लेकीचं पत्र दिलं. म्हातारा दार लावून घ्यायचं विसरला. मिस पर्डी लंगडत टेकडी चढली आणि बाकड्यावर बसली. बर्फ पडू लागला.

ब्रँटलीने फोनमधून मान वर केली. "आता काय होतंय?"

"बसलीये."

"आणि मग?"

"उठेल."

"कधी?"

"तुम्हाला वाटेल तेव्हा."

पंगतीत रिकामं पान वाढलं गेलेल्या पाहुण्यासारखा त्याचा चेहरा झाला. आर्डिसने टेबलाखालून चेंगला लाथ मारली. चेंगने बटण दाबलं. बकरा आला! त्याने मिस पर्डीच्या पिशवीतलं पत्र ओढलं, पाकिटासकट चावलं, गॉगल सारखा केला आणि ओरडला, "बेंऽऽऽऽऽऽ!"

ब्रँटली खुर्चीसकट मागे सरकला. मग हसला. मग इतका हसला, की त्याच्याबरोबर आलेल्या दोघांनाही हसावं लागलं.

"हा कोण?"

"हा... चुकून राहिलाय," आर्डिस ठरल्याप्रमाणे म्हणाली. "आम्ही काढणारच होतो. तुम्ही म्हणालात तर आत्ता काढतो. चेंग, काढ रे!"

"खबरदार!" ब्रँटली उभाच राहिला. "वेड लागलंय का तुम्हाला? हाच तर गेम आहे! याला पुढे आणा. बाईंना जरा मागे सरकवा."

"किती मागे?"

"दिसणार नाहीत इतक्या."

तो गेला. चेंग म्हणाला, "माझी सासू इथे असती तर तिलाही आवडला असता."

पण आर्डिस हार मानणारी नव्हती! "आपण बकरा पुरेसा वाईट केला नाही, चूक आपली आहे," ती म्हणाली. "असा नीच करू, की पाहणाऱ्याला किळस येईल. खाल्लेलं पत्र परत हवं असेल तर बकरा नव्याण्णव सेंट मागेल. खरेखुरे, खेळणाऱ्याच्या खिशातले! गरीब म्हाताऱ्याचं, लेकीकडून आलेलं पत्र! यापेक्षा हलकटपणा जगात आहे का?"

"आहे," चेंग म्हणाला. "वरच्यांना तो दाखवणं."

वरच्यांचं उत्तर पंधरा मिनिटांत आलं. 'अभिनंदन! तुम्हाला अखेर धंदा कळू लागला!' पाठोपाठ दुसरं पत्र: बकऱ्याला टोप्या हव्यात, विकत मिळणाऱ्या. त्यापाठोपाठ तिसरं: मिस पर्डीचं गाव लहान करावं, बकऱ्याला पळायला जागा पुरत नाही. म्हाताऱ्याचं घर गेलं. पोस्ट ऑफिस गेलं. चर्च गेलं, तिथे टोप्यांचं दुकान आलं. आर्डिस दर पत्राला तोंड उघडायची, नेम आठवायची आणि "बें!" म्हणून मिटायची. पाच आठवडे माणसं शनिवार-रविवारसुद्धा घरी गेली नाहीत. चेंगच्या धाकट्या लेकीचा शाळेत पियानोचा कार्यक्रम होता, तो चुकला. वरच्यांनी परिवारासाठी पिझ्झा पाठवला. गार.

मग ते पत्र आलं.

'बाकड्याला आता काहीच काम उरलेलं नाही. पहिल्याच मिनिटात बकऱ्याने ते खावं. जुन्या चाहत्यांना कळेल, की नवं पर्व सुरू झालं.'

लोकांना बसायला दिलेली जागा ही! कुणी तिथे बसून रडलं असेल, कुणी आईला आठवलं असेल, आणि ज्यांनी तिथे एकदाही बूड टेकलं नाही त्यांनी दोन ओळींत ती बकऱ्यापुढे टाकली. विकत घेतलेल्या वस्तूचं काय करायचं ते मालकाने ठरवावं, हे खरंच. पण देवघर विकत घेणारा माणूस त्यात चपला ठेवतो तेव्हा बघणाऱ्याच्या पोटात काय होतं, ते मालकीच्या कागदावर कुठे लिहिलेलं असतं?

आर्डिसने ते काम दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. एकेक फळी तिने स्वतः मोडली. बकऱ्याने बाकडं खाल्लं, ढेकर दिला आणि तिच्याच आवाजात ओरडला.

ईस्टर झाला. नेम संपला. सोमवारी सकाळी दहा वाजता वरच्यांकडून मोठा केक आला, त्यावर गॉगलवाला बकरा. गेमची झलक कोट्यवधी लोकांनी पाहिली होती. अकरा वाजता सगळ्यांना पडद्यासमोर बोलावलं. पडद्यावर ब्रँटली.

"मित्रांनो, तुम्ही कमाल केलीत! बकरा आता इतका मोठा झालाय, की त्याला मोठी जागा हवी. पुढचं काम आम्ही इथे कॅलिफोर्नियात करू. तुम्हा एकतीस जणांचा प्रवास आज इथे थांबतो. परिवारातर्फे मनापासून आभार!"

आर्डिस उठली. आता नेम नव्हता, बंधन नव्हतं! चाळीस दिवसांच्या साठवलेल्या, निवडक, एकोणीस वर्षं मुरलेल्या शिव्या तिने एकदम सोडायला तोंड उघडलं...

"बेंऽऽऽऽऽऽ!"

सवय लागली होती! आणि ब्रँटलीला तेही ऐकू गेलं नाही. इकडच्या सगळ्यांचे आवाज त्यांनी आधीच तिकडून बंद करून ठेवले होते. एकतीस माणसं ओरडत होती आणि पडद्यावरचा माणूस मायेने हात हलवत होता.

बारा वाजल्यापासून कुणाच्याच कार्डाने दार उघडेना. चेंग हात धुवायला गेला तो बाहेरच राहिला. त्याचा डबा पहारेकऱ्याने दाराच्या फटीतून दिला, काट्याशिवाय. जाता जाता एक कागदही प्रत्येकाच्या हातात पडला: गेम बाहेर पडेल त्या दिवशी जे नोकरीत असतील, त्यांचीच नावं गेमच्या शेवटी दिसणाऱ्या यादीत येतील.

"म्हणजे मिस पर्डीला चालायला शिकवलं मी," चेंग बर्फात डबा धरून म्हणाला, "आणि यादीत नाव कुणाचं? पिझ्झा मागवणाऱ्याचं!"

तीन आठवड्यांनी आर्डिसच्या घरी फोन वाजला. ती बटाटे सोलत होती.

"आर्डिस! कशी आहेस? आम्हाला सगळ्यांना तुझी किती आठवण येते!"

ब्रँटली! तिने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. ऑरिनने वर्तमानपत्र खाली घेतलं.

"एक छोटीशी सही हवी होती. तो बकऱ्याचा आवाज, आमचे वकील म्हणतात तू तो रविवारी, स्वतःच्या घरी, स्वतःच्या यंत्रावर काढलास. आणि त्याबद्दल कुठे काही लिहून दिलेलं नाही. शिवाय पुढच्या भागासाठीही तो हवाय."

"दुसऱ्याकडून काढून घ्या ना," आर्डिस शांतपणे म्हणाली. "बकऱ्यासारखं ओरडायला काय लागतं?"

पलीकडे जरा खाकरल्याचा आवाज आला. "अकरा कलाकार झाले. एकालाही जमेना. लोकांना लगेच कळतं. मग आम्ही खरा बकरा आणला."

"मग?"

"लोक म्हणाले, हा खोटा वाटतो."

ऑरिनने वर्तमानपत्र तोंडात कोंबलं. आर्डिसने सुरी खाली ठेवली. आवाज तिने चर्चमधल्यासारखा मऊ ठेवला.

"मला मिस पर्डी द्या."

"म्हणजे?"

"मिस पर्डी. तिचं नाव, तिचं गाव, तिची पिशवी आणि ते बाकडं. कायमचं. कागदावर. मग सही करते."

मग ब्रँटली हसला, मोकळा श्वास सोडल्यासारखा.

"एवढंच? अगं, आम्हाला वाटलं तू काहीतरी किमतीचं मागशील! ती म्हातारी? घे की! आम्ही तिला टाकूनच देणार होतो."

जुने कपडे देऊन पातेलं घ्यावं, तशी एकोणीस वर्षं परत मिळाली! आनंदाने नाचावं की फोन बटाट्यांत उकडावा, हेच आर्डिसला कळेना.

कागद आले, बाहेरची आवाज-कलाकार म्हणून सह्या झाल्या, आणि ठरल्या दिवशी गावातल्याच एका काचेच्या खोलीत आर्डिस मायक्रोफोनसमोर उभी राहिली. पर्समध्ये मिस पर्डीचा कागद, घडी घालून. तिने तोंड उघडलं.

"बें."

"पुन्हा एकदा," आवाज टिपणारी मुलगी म्हणाली.

"बेंऽ."

"बाई, हा बकरा समाधानी वाटतोय."

चाळीस वेळा झालं. आर्डिसला राग आठवायचा म्हटलं, की पर्समधलं बाकडं आठवे आणि तिला हसू येई. बकरा अगदी पुरणपोळी जेवून उठल्यासारखा ओरडत होता! मुलगी घड्याळ बघू लागली. शेवटी काचेपलीकडे बसलेला ऑरिन उठला.

"पोरी, कॅलिफोर्नियातल्या त्या साहेबांना फोन लाव. आणि म्हणावं, हिला दोन शब्द धीराचे सांगा."

ब्रँटलीचा आवाज खोलीभर घुमला. "आर्डिस! अजिबात दडपण घेऊ नकोस. काहीही झालं तरी आपण सगळे एक परिवार..."

"बेंऽऽऽऽऽऽऽऽऽ!"

यंत्राचे काटे टोकाला जाऊन आपटले. एका दमात काम झालं.

पुढे आर्डिस, चेंग आणि आणखी पाच जण चर्चच्या तळघरात बसू लागले. वर भजनाचा सराव, खाली मिस पर्डी. पहिल्या दिवशी त्यांनी एकच गोष्ट केली: टेकडीवर बाकडं परत ठेवलं. मग सातही जण पडद्याकडे बघत वीस मिनिटं नुसते बसले.

पानगळीच्या दिवसांत बकऱ्याचा गेम बाजारात आला. ऑरिनने तो विकत आणला. "सत्तर डॉलर!" तो कुरकुरला. "आपल्याच घरच्या बकऱ्याला!" शुक्रवारी मासे खायला सगळे आर्डिसकडे जमले, तेव्हा कुणीतरी म्हणालं, शेवटची नावांची यादी तरी बघू.

यादी सतरा मिनिटं चालली. ब्रँटलीचं नाव तीनदा आलं. त्याच्या कुत्र्याचे आभार मानले होते. टोप्यांसाठी नऊ माणसं होती. चाल शिकवणारा चेंग नव्हता. एकतीसांपैकी कुणीच नव्हतं. माशांची ताटं गार झाली. आणि अगदी तळाशी, पडदा काळा होण्याआधी, एक ओळ हळूहळू वर सरकली:

बकरा: आर्डिस टोलेफसन.

एकोणीस वर्षं, चार भाग, एक गाव, एक बाई, एक बाकडं, आणि नाव आलं ते हे!

"निदान तुझं आडनाव बरोबर लिहिलंय," ऑरिन म्हणाला.

आर्डिस सावकाश उठली. ईस्टर लांब होता, नेम नव्हता, घर स्वतःचं होतं. तिने खोल श्वास घेतला. सगळे सावरून बसले.

"बें," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली.

"आर्डिस," चेंगने खिशातून हळूच फोन काढला. त्याचा चेहरा जरा ओशाळा झाला होता. "तेच पुन्हा एकदा, जरा जोरात म्हणतेस का? माझ्या धाकटीला ऐकवायचंय. काय सांगू, तिला तो बकरा फार आवडतो."